कशाला हवी आहे?

अमेरिकेत बंदुकीनं कुठे काही भयंकर घडलं की दोन-चार दिवस सगळीकडे तीच चर्चा चालते. मारणारा कोण होता, त्याचं डोकं फिरलेलं होतं का, आईवडील काय करत होते, पोलीस कुठे होते, सरकार झोपलं होतं का... या सगळ्या यादीत एक माणूस सहसा नसतो. तो म्हणजे ती बंदूक ज्यानं विकली तो. मी दुकानदाराबद्दल बोलत नाहीये. त्याच्यावर निदान कायद्याची नजर असते. मी म्हणतोय तो तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस, ज्यानं स्वतःच्या कपाटातली बंदूक रोख पैसे घेऊन दुसऱ्या कुणाला दिली आणि विसरून गेला. त्याचं काय? बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. आज बसलोच.

आधी भारतातल्या मंडळींसाठी थोडी माहिती, कारण फोनवर हे सांगितलं की तिकडून हमखास "काहीतरीच काय!" असं येतं. इथे बंदुका विकण्याचा धंदा करायचा तर केंद्र सरकारचं लायसन्स लागतं. १९६८ च्या कायद्यानं हे पक्कं केलं. मग १९९३ मध्ये ब्रेडी कायदा झाला आणि नोव्हेंबर १९९८ पासून देशभराची तपासणी यंत्रणा सुरू झाली. लायसन्सवाल्या दुकानात गेलात की फॉर्म भरायचा, दुकानदार तुमचं नाव कळवणार, आणि तुम्हाला पूर्वी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, घरात मारहाण केल्याचा गुन्हा सिद्ध झालेला असेल, किंवा मानसिक आजाराबद्दल कोर्टाचा निर्णय असेल, तर विक्रीला नकार. यालाच बॅकग्राउंड चेक म्हणतात.

पण हे सगळं दुकानदाराला! जो धंदा करत नाही, घरातली एखादी बंदूक विकतोय, त्याला केंद्राच्या कायद्यानं यातलं काहीही करावं लागत नाही. काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून ही फट बुजवली. मी राहतो त्या कोलोरॅडोनं २०१३ मध्ये बुजवली. शेजारच्या वायोमिंगमध्ये ती उघडीच आहे.

खाजगी विक्रेत्यावर केंद्राचं मुख्य बंधन असं की घेणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं वाटायला सबळ कारण असेल, तर त्याला विकू नका. ऐकायला ठीक वाटतं ना? पण जरा उलटं करून बघा. जो चौकशी करेल त्याला काहीतरी कळेल, आणि कळलं की तो अडकला. जो काहीच विचारणार नाही, त्याला काहीच कळणार नाही, म्हणजे तो मोकळा. कायद्यानं नकळत अज्ञानालाच बक्षीस लावून ठेवलंय.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघू. कोलंबाइन हायस्कूल माझ्या घरापासून फार लांब नाही. २० एप्रिल १९९९ ला तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि मग स्वतःलाही संपवलं. त्यांच्याकडे चार बंदुका होत्या. त्यातल्या तीन, म्हणजे दोन शॉटगन आणि एक कार्बाइन, १९९८ च्या अखेरीस डेन्व्हरच्या एका गन शोमध्ये घेतलेल्या. (गन शो म्हणजे बंदुकांची जत्राच. मोठा हॉल, ओळीनं टेबलं, काही दुकानदार लायसन्सवाले, काही नुसतेच हौशी विक्रेते.) दोघं पोरं तेव्हा सतरा वर्षांची, त्यामुळे त्यांना मिळेना. अठरा पूर्ण असलेलं कुणीतरी घेऊन या, असं त्यांना सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीला घेऊन आले.

त्या मैत्रिणीनं पुढे कोलोरॅडोच्या विधिमंडळासमोर साक्ष दिली. त्यातला तपशील वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. ती दोघं टेबलाटेबलावर जाऊन विक्रेत्यांना विचारत होती, तुम्ही लायसन्सवाले की खाजगी? त्यांना खाजगीच हवा होता, कारण तिथे कागद भरायचे नव्हते. बंदुका हातात घेऊन बघत होती तीच, प्रश्न विचारत होती तीच. मुलीनं फक्त वय दाखवायला ड्रायव्हिंग लायसन्स काढून दाखवलं. झालं, व्यवहार पूर्ण.

तुम्ही त्या टेबलामागे बसलाय अशी कल्पना करा. समोर दोन कोवळी पोरं बंदुका उलटसुलट करून बघतायत, आणि जिच्या नावावर खरेदी चाललीय त्या मुलीला त्यात काडीचा रस दिसत नाही. आपण साधी साडी घ्यायला गेलो तरी दुकानदाराला पाच मिनिटांत कळतं की साडी कुणासाठी आहे. या विक्रेत्यांना कळलं नसेल? मला तरी नाही वाटत. कळलं असेल, पण विचारायची गरज नव्हती, म्हणून विचारलं नाही.

आणि याच साक्षीत आणखी एक गोष्ट आहे. चेक करावा लागला असता, तर मी त्यांना बंदुका घ्यायला मदतच केली नसती, असं ती म्हणाली. ती अठरा पूर्ण होती, तिच्या नावावर गुन्हा नव्हता, चेकमध्ये ती कदाचित आरामात पास झाली असती. म्हणजे अडवलं असतं ते कॉम्प्युटरनं नव्हे. आपलं नाव कागदावर लिहायचं, खाली सही करायची, एवढ्यानंच ती थबकली असती. प्रश्न विचारला की समोरच्यालाही उत्तर शोधावं लागतं, स्वतःसाठी सुद्धा.

चौथी बंदूक, टेक-नाइन जातीचं एक पिस्तूल, त्यांना बावीस वर्षांच्या एका तरुणानं ५०० डॉलरला विकलं. अल्पवयीन मुलाला पिस्तूल विकल्याबद्दल आणि आणखी एका शस्त्र-गुन्ह्याबद्दल १९९९ मध्येच त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. गन शोमधल्या तीन बंदुकांच्या विक्रीबद्दल मात्र कुणालाच तुरुंगवास झाला नाही. तेव्हाच्या कायद्यात बसणारी विक्री होती ती! पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, कोलोरॅडोच्या जनतेनं मतदान करून गन शोमधल्या सगळ्या विक्रीला चेक सक्तीचा केला. जवळजवळ सत्तर टक्के लोक बाजूनं होते, आणि त्यात बंदुका बाळगणारेही पुष्कळ असणार, नाहीतर या राज्यात एवढी मतं पडणं शक्य नाही.

दुसरं उदाहरण टेक्ससचं. ऑगस्ट २०१९ मध्ये मिडलंड आणि ओडेसा या गावांत एका माणसानं गाडीतून फिरत गोळीबार केला, सात जण गेले. हाच माणूस २०१४ मध्ये लायसन्सवाल्या दुकानात बंदूक घ्यायला गेला होता आणि मानसिक आजाराच्या नोंदीमुळे चेकमध्ये नापास झाला होता. म्हणजे यंत्रणेनं तिचं काम केलं होतं! मग २०१६ मध्ये त्यानं एका खाजगी विक्रेत्याकडून रायफल घेतली. चेक नाही, काही नाही. तीच रायफल २०१९ मध्ये वापरली. "ज्याला मिळवायची तो कुठूनही मिळवतोच" असं म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षं जरूर लक्षात ठेवावीत. तो कुठूनही नाही, एका ठरावीक फटीतून आत आला.

त्या विक्रेत्याला २०२१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. पण कशाबद्दल माहितीये? लायसन्स नसताना बंदुकांचा धंदा केला आणि आयकराचं विवरण खोटं भरलं याबद्दल. त्या एका माणसाला काहीही न विचारता रायफल दिली, याबद्दल नाही. त्यानं तशी एकच बंदूक विकली असती तर बहुधा त्याच्या दारात कुणी आलंही नसतं.

हे सगळं मी आमच्या साताऱ्याच्या काकांना फोनवर सांगत होतो. काकांनी चाळीस वर्षं वकिली केली, त्यामुळे त्यांना कुठलंही वाक्य सहज गिळता येत नाही. म्हणाले, "अरे, उद्या कोयत्यानं खून झाला तर लोहाराला धरशील का? आणि गाडीखाली माणूस मेला तर शोरूमवाल्याला? गोळी झाडायचं ठरवलं कुणी? घेणाऱ्यानं. मधल्या माणसावर ढकललंस तर मारणाऱ्याचं पाप हलकं होतं, हे कळतंय ना तुला?"

काकांचा शेवटचा मुद्दा खरोखर वजनदार आहे. मारणाऱ्याचं पाप मारणाऱ्याचंच, त्यातला गुंजभरही विक्रेत्याकडे वळवायचा नाही, हे मला मान्य आहे. पण जबाबदारी म्हणजे काही एकच भाकरी नाही, की एकाला तुकडा दिला म्हणून दुसऱ्याचा कमी झाला. मारणाऱ्यानं मारलं याचा जाब त्यानं द्यायचा. विक्रेत्यानं विचारलं नाही याचा जाब विक्रेत्यानं द्यायचा. हे दोन वेगळे जाब आहेत.

कोयत्याचं म्हणाल, तर मी काकांना उलट विचारलं, की काका, दारू पिऊन शिव्या देत एखादा लोहाराकडे आला, "आत्ताच्या आत्ता धार लावून दे, भावाकडे बघतोच" असं म्हणाला, तर लोहारानं द्यावा का कोयता? काका म्हणाले, "छे, मुळीच नाही." बघा, म्हणजे विकणाऱ्याची काहीतरी जबाबदारी असते हे आपल्या दोघांनाही मान्य आहे. प्रश्न उरतो तो फक्त किती चौकशी करायची याचा. आणि ते ठरतं ती वस्तू काय करू शकते यावरून. कोयत्यानं ऊस तोडतात, नारळ फोडतात. रायफलीनं एक माणूस चाळीस फुटांवरून वर्गभर मुलं मारू शकतो. जेवढी वस्तू घातक, तेवढं विचारणं जास्त. एवढा साधा हिशोब आहे.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे हा हिशोब नवा नाही. जुनी स्कूटर विकली तरी शेजारचे काका पहिलं काय विचारतात? "पेपर ट्रान्सफर केलेस का रे?" कारण गाडी दुसऱ्याच्या नावावर चढली नाही आणि अपघात झाला, तर भरपाई कागदावरच्या मालकाला द्यावी लागू शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तसा स्पष्ट निकालच दिलाय. ॲसिडचंही तेच. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की दुकानदारानं रजिस्टर ठेवावं, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघावं, अठराच्या खालच्याला देऊ नये, आणि कशासाठी हवंय हे लिहून घ्यावं. सगळीकडे पाळलं जातं असं नाही, पण तत्त्व बघा. बंदुकीबद्दल तर १९५९ चा आपला शस्त्र कायदा म्हणतो, की स्वतःची परवान्याची बंदूक दुसऱ्याला विकायची तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पंचेचाळीस दिवस थांबा. पंचेचाळीस दिवस! इथल्या माणसाला हे सांगितलं तर तो चक्करच येऊन पडेल.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर महाभारत आहेच. सौप्तिक पर्वात कृष्ण सांगतो ती गोष्ट आठवते का? द्रोणांनी अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र दिलं, तेव्हा अश्वत्थामाही मागे लागला. आपला मुलगा उतावळा आहे हे द्रोणांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी फारशा खुशीनं नव्हे, पण दिलं, आणि वर बजावलं की कितीही संकट आलं तरी हे माणसांवर टाकू नकोस. पुढे त्यानं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच गोष्टीत आणखी एक प्रसंग येतो. हा अश्वत्थामा द्वारकेला जाऊन कृष्णाकडे सुदर्शन चक्र मागतो. कृष्ण म्हणतो, घे. त्याला ते उचलतच नाही. मग कृष्ण विचारतो, हे घेऊन तू कुणाशी लढणार होतास? आणि तो सरळ सांगतो, तुझ्याशीच! द्रोणांना मुलाचा स्वभाव माहीत होता आणि त्यांनी उपदेश करून अस्त्र दिलं. कृष्णानं प्रश्न विचारला आणि त्याला खरं उत्तर मिळालं. आता रायफल काही सुदर्शन चक्र नाही, की नालायक माणसाला ती उचलणारच नाही. ती कुणालाही उचलते. म्हणूनच प्रश्न हात पुढे करण्याच्या आधी विचारायला हवा.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, मूळचा वायोमिंगचा. अतिशय सज्जन माणूस. पहिल्या हिवाळ्यात बर्फात माझी गाडी बंद पडली तेव्हा रात्री दहा वाजता केबल घेऊन आला होता. त्यानं मागे, तिकडे राहत असताना, पेपरात जाहिरात देऊन एक पिस्तूल विकलं होतं. पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये भेट, रोख पैसे, हस्तांदोलन. मी विचारलं, कोण होता तो? म्हणाला, चांगला वाटला, नाव नाही विचारलं. मी विचारलं, कधी विचार येतो का त्याचा? जरा थांबून म्हणाला, "कुठे काही झाल्याची बातमी आली की येतो."

त्यानं कुठलाच कायदा मोडला नाही. ते पिस्तूल बहुधा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सुखानं गंजत पडलं असेल. मग त्याला दोष द्यायचा का? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नैतिक नशिबाबद्दल लिहिलं होतं. दोघांनी अगदी तेच केलं, एकाच्या बाबतीत काही झालं नाही, दुसऱ्याच्या बाबतीत अनर्थ झाला, तर दुसरा जास्त वाईट माणूस ठरतो का? यावर विचार करून करून माझं मत असं झालंय, की चूक दोघांची सारखीच. टेक्ससचा तो विक्रेता आणि माझा सहकारी यांच्यात बरेच फरक आहेत, एकाचा धंदा होता, दुसऱ्यानं एकदाच विकलं. पण त्या एका क्षणी, समोरच्याला काहीच न विचारता हत्यार हातात ठेवणं, हे दोघांनीही केलं. फरक ओझ्याचा आहे. एकाच्या डोक्यावर सात मृत्यू आले, दुसऱ्याच्या आले नाहीत, हे केवळ नशीब. म्हणून नशिबानं वाचलेल्यानं "माझं काही चुकलं नव्हतं" असं म्हणू नये, असं मला वाटतं.

उलट ज्यानं विचारलं, घेणाऱ्याला लायसन्सवाल्या दुकानात नेऊन चेक करून घेतला, आणि तरीही पुढे काही वाईट घडलं, त्याला मी दोष देणार नाही. त्याला वाईट वाटेल, झोप लागणार नाही, तो माणूसच आहे. पण त्याच्याकडे जे करण्यासारखं होतं ते त्यानं केलं होतं. मी विक्रेत्याकडे त्रिकालज्ञान मागत नाहीये. फक्त जे सहज कळू शकलं असतं ते कळून घ्यायचा त्रास मागतोय.

आणि तो त्रास किती? कोलोरॅडोच्या २०१३ च्या कायद्यात दुकानदारानं अशा खाजगी विक्रीच्या चेकसाठी दहा डॉलरपेक्षा जास्त घेऊ नयेत असं लिहिलं होतं. दहा डॉलर आणि दुकानापर्यंत एक फेरी. जिथे कायदा नाही तिथेही एखाद्या दुकानदाराला विनंती करून हे करून घेता येतं. गिऱ्हाईक "नको बुवा, कागदबिगद नको" म्हणालं, तर त्याचा तो नकारच पुष्कळ काही सांगून जातो. कधी तो नुसता तत्त्वाचा माणूस असेल, सरकारनं बंदूकवाल्यांची यादी करू नये असं त्याला वाटत असेल. (तशी केंद्रीय यादी करायला १९८६ च्या कायद्यानंच मनाई आहे, पण भीती असते खरी.) असा माणूस गेला तर आपलं एक गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे! विकणं ही काही सक्ती नाही. विकत घेण्याच्या हक्काबद्दल इथे रात्रंदिवस बोलतात, पण "मी तुला विकणार नाही" असं म्हणण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे, तो कुणी वापरताना दिसत नाही.

आमच्या मुलीच्या शाळेत लॉकडाऊनचा सराव होतो. दिवे बंद, दाराला कडी, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प बसायचं. ती घरी येऊन सांगते, आज आम्ही कित्ती शांत बसलो माहितीये! आठ वर्षांच्या मुलांकडून आपण एवढी अपेक्षा करतो. मग पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या माणसानं तोंड उघडून एक प्रश्न विचारावा, ही अपेक्षा फार आहे का?

काकांचं अजून पूर्ण पटलेलं नाही. "कायद्यात नसेल ते नीतीत आणू नकोस" असं ते म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कायदा जिथे गप्प बसतो तिथे प्रश्न संपत नाही, तो आपल्या पदरात येऊन पडतो. दुकानदाराच्या वतीनं सरकार विचारतं, खाजगी विक्रेत्याच्या वतीनं विचारणारं कुणीच नाही, त्याचं त्यालाच विचारावं लागतं. असो, बरंच लांबलं. काकांचा रविवारी फोन येईलच, तेव्हा पुढचा युक्तिवाद ऐकायचाय. तुमच्यापैकी कुणाला काकांचं म्हणणं जास्त पटत असेल तर तेही ऐकायला आवडेल, कारण पार्किंगमधल्या त्या माणसाला समोरासमोर काय सांगायचं, हे मला अजून नीट जुळवता आलेलं नाही.